कॅमेऱ्याकडे बघणारा म्हातारा

प्रिय भिंगरी,

हे नाव वाचून तुझ्या कपाळाला आठ्या पडल्या असतील. पडू देत. दाढी वाढवून आणि गळ्यात दोन-दोन कॅमेरे अडकवून कुणी मोठा होत नाही. माझ्या लेखी तू पायाला भिंगरी लावूनच जन्माला आलास आणि तसाच राहणार.

आधी बातमी. बाबा सापडले. जिवंत आहेत, हातपाय धड आहेत. हे वाक्य पुन्हा एकदा वाच, घोटभर पाणी पी आणि मग पुढे जा. पण ते अजून माझ्याबरोबर आलेले नाहीत. यायला तयारच नाहीत. खूप वाळलेत, खोकताहेत, आणि असेच तिथे बसून राहिले तर आपल्या हातून जातील याची मला भीती वाटते. कुठे बसलेत, का बसलेत, हे मी क्रमानं सांगणार आहे. पत्राचा शेवट आधी वाचायची तुझी जुनी खोड आहे, ती या वेळी आवर. मध्ये जे आहे ते वाचल्याशिवाय शेवट तुला नीट झेपणार नाही. मलाही झेपलेला नाही.

मी तुझ्या खोलीत बसून लिहितेय, तुझ्याच टेबलावर, तुझे चहाचे डाग पडलेल्या कागदांवर. तू वर डोंगरात कामाला गेलायस आणि तिथे फोन लागत नाही, हे मला इथे आल्यावर कळलं. तुझ्या घरमालकीणबाईंनी आधी मला दारातच उभं केलं, चष्मा लावून न्याहाळलं आणि मग म्हणाल्या, नाक सारखं आहे, या आत. तुझ्या वर्तमानपत्राची गाडी उद्या सकाळी तुमच्यासाठी सामान घेऊन वर येणार आहे. ड्रायव्हर भला माणूस दिसतो. त्याच्या हातात हे पत्र देणार आहे आणि तुझ्याच हातात दे म्हणून बजावणार आहे.

बाबा घरातून गेले त्यानंतर तू आलास, माझ्याबरोबर सगळ्या गल्ल्या पालथ्या घातल्यास आणि कामासाठी परत गेलास. त्यानंतरचं तुला मी फोनवर तुटक-तुटक सांगत होते, सगळं कधीच सांगितलं नाही. सांगण्यासारखं नव्हतं. पोलिसांनी फोटो मागितला होता ते तुला माहीत आहे. दुसऱ्या घरात अशा वेळी फोटोसाठी कपाटं उचकावी लागतात, लग्नातल्या घोळक्यातून चेहरा कापून काढावा लागतो. आपल्याकडे काय, फोटोंची ददात नव्हतीच. खण भरभरून बाबा. कोटातले, चष्म्यासह, चष्म्याविना, दर वाढदिवसाला एक. मी त्यातला उत्तमातला उत्तम निवडला, आपल्या स्टुडिओच्या शोकेसमधला. मान किंचित वळलेली, हनुवटी जरा खाली, डावीकडून उजेड. बाबांनी स्वतः सगळं जुळवून आईला फक्त बटण दाबायला सांगितलं होतं तो. तोच छापला आणि खांबाखांबावर चिकटवला.

आणि मग मी वेडी व्हायची बाकी राहिले. स्टुडिओतून घरी येताना प्रत्येक खांबावरून बाबा माझ्याकडे बघायचे. तुला ठाऊक आहे, नजर थेट लेन्समध्ये असली की फोटोसमोर कुठेही उभं राहिलं तरी तो आपल्याकडेच बघतो. मी रस्ता ओलांडला तरी तिथेही माझ्याकडेच बघायचे. रिकामे हात घेऊन घरी चाललीस का, असंच जणू विचारायचे. शोकेसमधल्या मूळ फोटोवर एक दिवस मी काळं फडकं टाकलं. मग ते मेल्यासारखं वाटलं म्हणून काढलं. मग भिंतीकडे तोंड करून ठेवला, तर शिक्षा केल्यासारखं वाटलं. शेवटी होता तसा लावला आणि मीच पाठ फिरवून बसायला लागले. गिऱ्हाइकांना वाटायचं बाईंची मान आखडलीय.

फोन मात्र पुष्कळ यायचे. लोक वाईट नसतात रे, खरंच सांगते. बागेत बसलेत, देवळापाशी दिसले, बँकेच्या रांगेत उभे आहेत, अशा खबरी यायच्या. प्रत्येक वेळी मी हातातलं काम टाकून पळायचे. आणि प्रत्येक वेळी कुणी तरी ताठ बसलेले, भांग पाडलेले, इस्त्रीच्या कपड्यांतले आजोबा निघायचे. एकांनी तर मला उलट विचारलं, तुम्ही हरवलाय का? आपल्या शहरातले यच्चयावत नीटनेटके म्हातारे माझे पाहून झाले. आपले बाबा मात्र कुणालाच दिसले नाहीत.

का दिसले नाहीत, ते मला एका चांभारानं सांगितलं. चौकात बसतो तो, माझ्या चपलेचा अंगठा शिवून देत होता. त्याच्या पाठीमागच्या खांबावरच आपला कागद होता. मी त्याला विचारलं, या आजोबांना कधी पाहिलंत का? तो म्हणाला, नाही बाई, हे साहेब इकडे कधी आले नाहीत. आणि मग दोऱ्याला मेण लावता लावता सहज म्हणाला, तुम्ही कागद लावलात त्याच संध्याकाळी एक म्हातारा मात्र त्याच्यापुढे कितीतरी वेळ उभा होता. खुरटी दाढी, सदऱ्याची बटणं वरखाली लागलेली, एका पायात चप्पल नि एका पायात सपात. फोटोच्या अगदी जवळ गेला, मागे आला, पुन्हा जवळ गेला. मग मला म्हणाला, उजेड फार छान घेतलाय, पण कॉलर सरळ करायला हवी होती. आणि गेला बसस्टँडच्या दिशेनं.

भिंगरी, मी तिथे फुटपाथवरच बसले. त्या चांभाराला मी काही बोलले नाही, त्याचा काय दोष? त्यानं फोटोतला माणूस नीट पाहिला होता आणि समोरचाही नीट पाहिला होता. ते दोघे एक नव्हतेच. बाबा स्वतःच्या फोटोपुढे उभे राहिले, त्यात खोट काढली आणि स्वतःला न ओळखता निघून गेले. आता तो खांब आला की मला कागदाच्या समोर कुणी तरी उभं आहे असं वाटतं. मी वळून बघत नाही.

त्या दिवशी मला तुझा तो फोटो आठवला. ज्यावरून तुमचं बिनसलं तो. बाबा जाण्याआधीच्या खेपेला तू आला होतास, बाबांचं विसरणं तेव्हा नुकतं वाढायला लागलं होतं. ते स्टुडिओत जुन्या मोठ्या कॅमेऱ्यापुढे उभे होते, सदऱ्याची बटणं चुकलेली, तोंड किंचित उघडं, आणि हे लाकडी खोकं नक्की कशाचं ते आठवायचा प्रयत्न चाललेला. तू दाराआडून टिपलंस. छापून दुसऱ्या दिवशी त्यांच्या हातात दिलंस. मला अजून दिसतंय, त्यांनी तो खिडकीकडे धरून नीट पाहिला आणि म्हणाले, कोण रे हा बिचारा? याला विचारलं होतंस का? मग ते म्हणाले, न विचारता माणसाच्या घरात शिरत नाही आपण, चेहऱ्यात कसा शिरतोस?

तुमचं भांडण तसं जुनंच. ते म्हणायचे, फोटो हा दिला जातो. माणूस समोर बसतो, श्वास सावरतो, मनात जो काही चांगला आपण असतो तो गोळा करून चेहऱ्यावर आणतो आणि मग आपल्याला देतो. आपण फक्त घ्यायचा, दोन्ही हातांनी. तू म्हणायचास, दिलेला चेहरा तयार कपड्यासारखा असतो, कुणालाही बसतो. माणसाला आपण पाहतोय हे कळायच्या आधीचा एक क्षण असतो, तेवढाच खरा. जेवताना तुमचं हे सुरू झालं की माझी भाजी गार व्हायची. मी दोघांनाही हो हो म्हणायचे, कारण मला दोघांचंही पटायचं. तुम्हाला वाटायचं मला काही मतच नाही. आता आहे. खांबावरच्या कागदापुढे ते उभे राहिले तेव्हा तू जिंकलास, असं मी त्या दिवशी ठरवलं होतं. आपले बाबा शोधायचे असतील तर ते खरे जसे दिसतात तसा फोटो हवा. म्हणून तुझ्याकडून तो बटणं चुकलेला फोटो घेऊन नवीन कागद छापायचे, एवढ्यासाठी मी इथे आले.

आणि तू नव्हतास. मग घरमालकीणबाईंच्या साक्षीनं तुझी खोकी उघडली. रागावू नकोस, सगळं होतं तसं ठेवलंय, उलट धूळ पुसलीय. पहिल्या खोक्यात तो फोटो नव्हता, दुसऱ्यातही नव्हता. तिसरं तुझ्या टाकाऊ फोटोंचं. तो तू टाकाऊत ठेवला नसशील हे माहीत असूनही मी ते उघडलं, कारण आता सगळंच बघायचं होतं. वरच एक पाकीट होतं. इथल्या बसस्टँडच्या जुन्या हॉलचं तुझं काम, ज्यांना कुठेच जायचं नाही अशी माणसं तिथे दिवसभर बसतात, त्यांच्यावरचं. फोनवर तू मला त्याबद्दल सांगितलं होतंस, मनापासून सांगितलं होतंस. पाकिटावर तुझ्या किरट्या अक्षरात लिहिलेलं होतं : बाद, म्हातारा कॅमेऱ्याकडे बघतोय.

मी तो फोटो काढला. सुंदर आहे रे. बाकावर आडवा झोपलेला माणूस, तळपाय आपल्याकडे. एक बाई पोराच्या डोक्यातल्या उवा बघतेय. दोघं जण एका विडीवरून हुज्जत घालताहेत. तू तिथे आहेस हे एकालाही ठाऊक नाही. आणि उजव्या कोपऱ्यात, उत्तरेकडच्या उंच खिडकीखाली, खुर्चीत एक हाडकुळा म्हातारा. दाढी छातीपर्यंत, अंगावर कुणाची तरी फाटकी घोंगडी. ती त्यानं खांद्यावरून अशी दुमडून घेतलीय की कोटाची कॉलर वाटावी. पाठ ताठ. हात मांडीवर, बोटं जुळलेली. मान किंचित वळलेली, हनुवटी जरा खाली. आणि नजर थेट लेन्समध्ये.

चेहरा मी ओळखला नाही. खरंच सांगते, मुलगी असून ओळखला नाही. त्या दाढीत बाबांचं काहीच शिल्लक नव्हतं. मी ते बसणं ओळखलं. जन्मभर लोकांची हनुवटी दोन बोटांनी खाली करून ते जसं बसवायचे, तसं तो म्हातारा स्वतःला बसवून बसला होता. घरमालकीणबाईंनी फोटो माझ्या हातून घेतला आणि मला खाटेवर बसवलं.

आता माझं नीट ऐक. तू ओळखलं नाहीस म्हणून मी तुला बोल लावत नाहीये. घरी फोन करून रोज तू बाबांची चौकशी करत होतास आणि ते तुझ्याच शहरात असतील हे कुणाच्या बापाच्या स्वप्नात तरी येईल का? बघ, लिहिता लिहिता काय लिहून गेले. आणि तुझ्या कामाची सवयच ती आहे, कुणी कॅमेऱ्याकडे बघितलं की तुझी नजर त्याच्यावरून घसरते, तो माणूस तुझ्यासाठी संपतो. बाबा मात्र नेमके तेव्हाच सुरू होतात. तुम्हा दोघांखेरीज जगात कुणाच्या हातून ही चूक झाली नसती. दुसऱ्या कुणी फोटो काढला असता तर बाबा तसे बसले नसते. आणि दुसऱ्या कुणापुढे ते तसे बसले असते तर त्यानं निदान, आजोबा, कुठले तुम्ही, एवढं तरी विचारलं असतं.

मी तशीच बसस्टँडवर गेले. हॉल तू पाहिलाच आहेस. झोपलेला माणूस होता, बाई होती, आणि खिडकीखालच्या खुर्चीत बाबा होते. फोटोत होते तसेच. अगदी तसेच, भिंगरी. घोंगडीची कॉलर, मांडीवरचे हात, वळलेली मान. मला वाटलं मी अजून फोटोच बघतेय. मग ते खोकले, आणि खोकून झाल्यावर त्यांनी हनुवटी पुन्हा होती तिथे आणली.

तिथे झाडलोट करणाऱ्या बाई आहेत, त्याच त्यांना सकाळ-संध्याकाळ चहा-पाव देतात. त्यांनी सांगितलं ते असं. म्हातारा आला तेव्हा नुसता फिरायचा, प्रत्येक बसमध्ये डोकावायचा, कुणाला तरी शोधतोय असं वाटायचं. मग एक दिवस तो दाढीवाला फोटोवाला आला. म्हाताऱ्यानं त्याला लांबूनच पाहिलं आणि एकदम तोंड भरून हसला. बाईंनी विचारलं, ओळखीचा का? तर म्हणाला, मुलगा आहे माझा. मग हाक मारा की, असं त्या म्हणाल्या, तर ओठांवर बोट ठेवून म्हणाला, कामात आहे तो. कामात असताना हाक मारायची नसते, हात हलतो. आणि जाऊन खिडकीखाली उजेडात बसला, केसांवरून हात फिरवला, घोंगडी नीट केली. तू फोटो काढलास. निघून गेलास.

त्यांनी तुला ओळखलं रे. स्वतःला ओळखलं नाही, मला ओळखलं नाही, तुला हॉलच्या त्या टोकावरून, दाढीसकट ओळखलं. मी त्यांच्यासमोर गुडघ्यांवर बसून बाबा बाबा म्हणत होते तर ते मला म्हणाले, बाई, जरा बाजूला व्हा, उजेड अडतोय. रोज त्यांना आंघोळ घालणारी मी. मला वाईट वाटलं, खूप वाईट वाटलं आणि तुझा हेवाही वाटला. हे तुला कळलेलं बरं.

त्या दिवसापासून उजेड आहे तोवर ते त्या खुर्चीतून उठत नाहीत. अंधार पडला की बाई त्यांना कोपऱ्यात नेऊन निजवतात, उजाडलं की पुन्हा खुर्चीत. मी दंडाला धरून उठवायला गेले तर असे घाबरले, असे ओरडले, की सगळा हॉल गोळा झाला आणि मी हात सोडला. डॉक्टरांना तिथेच घेऊन आले. त्यांनी औषध दिलं आणि म्हणाले, गारठ्यातून लवकर हलवा, पण जबरदस्ती केलीत तर छाती साथ देणार नाही. मग मी बाबांच्या शेजारी बसून शांतपणे विचारलं, का उठत नाही तुम्ही? तेव्हा ते ओठ न हलवता, समोर बघतच म्हणाले, अजून झालं म्हटलं नाही त्यानं. आपल्या स्टुडिओत फोटोग्राफरनं ‘झालं’ म्हणेपर्यंत गिऱ्हाईक हलायचं नाही, हा बाबांचाच नियम. लहान पोरंसुद्धा पाळायची, तू सोडून. मी लगेच म्हटलं, झालं, बाबा, छान झाला फोटो, उठा आता. त्यांनी नुसती मान हलवली. ज्यानं सुरू केलं त्यानंच म्हणायचं असतं, म्हणाले. तुझ्या पद्धतीत हा शब्द नाही, मला माहीत आहे. ज्याला सुरू झाल्याचं कळलेलंच नसतं त्याला झालं कसलं सांगायचं? पण बाबांना कळलं होतं, भिंगरी. म्हणून हे पत्र. ड्रायव्हर परतेल त्याच गाडीत बस, खोलीवर येऊ नकोस, थेट हॉलमध्ये ये, कॅमेरा गळ्यात दिसेल असा घालून ये. त्यांच्यासमोर उभा राहा आणि मोठ्यानं ‘झालं’ म्हण. मग आपण दोघं मिळून त्यांना घरी नेऊ. आज निघताना त्यांनी मला जवळ बोलावून हळूच विचारलं, फोटोवाला रोल बदलायला गेलाय का हो? मी म्हटलं, हो, येईलच इतक्यात.

तुझीच, आणि तू येईपर्यंत त्या खुर्चीशेजारी बसणारी,
ताई